द्वीपयात्रा आणि मार्गदर्शक पुस्तकें

दिवाळी आटोपून थंडी पडूं लागली म्हणजे आमच्या कोयनानगरांतील अनेक कुटुंबांस कोंकणाचे वेध लागतात. कुंभार्लीचा घाट उतरला कीं चिपळूण, आणि तेथून उत्तरेस अगर दक्षिणेस वळलें कीं एखादा जलदुर्ग गांठतां येतो. बेत ठरतांना आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचीं मतें घेतलीं जातात, फराळाच्या डब्यांची मोजदाद होते, आणि शेवटीं कोणी तरी एखादें प्रवासमार्गदर्शक पुस्तक पुढें करून म्हणतो, "यांत सगळें दिलेलें आहे." यांत खरोखरच सगळें असतें काय, आणि जें असतें त्यावर बायकामुलांसह किती भरंवसा टाकावा, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. डोंगरी किल्ल्यावर किंवा देवस्थानास जातांना पुस्तक चुकलें तर फार तर अर्धा कोस चाल जास्त पडते. बेटास जातांना पुस्तक चुकलें तर मधें समुद्र असतो.

संस्कृतांत 'द्वीप' हा शब्द 'द्वि' आणि 'अप्' यांपासून पाणिनीनें सिद्ध केला आहे. ज्याच्या दोहों बाजूंस पाणी तें द्वीप. 'अंतरीप' आणि 'समीप' हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे शब्दाच्या पोटांतच पाणी आहे. परंतु आमच्या मार्गदर्शक पुस्तकांचे कर्ते बेटाचें वर्णन करतांना दगडाविषयीं पानेंच्या पानें लिहितात आणि पाण्याविषयीं "होडीनें जावें" एवढ्या दोन शब्दांवर मोकळे होतात. माझें मत असें झालें आहे कीं, या पुस्तकांवर दगडापुरता विश्वास ठेवावा, पाण्यापुरता ठेवूं नये. आणि दगडापुरता ठेवतांनाही पुस्तक कोणत्या सालचें आहे तें आधीं पाहावें.

घारापुरीचेंच उदाहरण घ्या. मुंबईजवळच्या या बेटावर जितकें लिहिलें गेलें आहे तितकें आपल्याकडील दुसऱ्या कोणत्याही बेटावर क्वचितच लिहिलें गेलें असेल. जेम्स बर्जेस यांचें पुस्तक १८७१ सालचें. ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतील विस्तृत वर्णन १८८२ सालचें. हिरानंद शास्त्री यांचें स्वतंत्र मार्गदर्शक १९३४ सालचें. मुख्य लेण्याच्या दक्षिण भिंतींत कोरलेली सुमारें १८ फूट उंचीची त्रिमुखी मूर्ति जुन्या पुस्तकांनीं 'त्रिमूर्ति' म्हणून, म्हणजे ब्रह्मा, विष्णु आणि रुद्र अशी वर्णिली, आणि तें नांव इतकें रूढ झालें कीं अद्याप तेंच तोंडीं आहे. पुढें गोपीनाथ राव यांनीं १९१६ च्या सुमारास शिल्पशास्त्राच्या आधारें ही महेशमूर्ति असल्याचें दाखवून दिलें. मधलें शांत मुख तत्पुरुषाचें, आपल्या डाव्या हातास दिसणारें उग्र मुख अघोराचें, आणि उजव्या हातास कमळ धारण केलेलें सौम्य मुख वामदेवाचें. तिन्ही मुखें एकाच शिवाचीं. आतां ज्या कुटुंबानें जुन्या पुस्तकाची नक्कल असलेली स्वस्तांतली पुस्तिका हातीं घेतली असेल, तें त्या मूर्तींत चतुर्मुख ब्रह्मदेव शोधीत उभें राहणार आणि मुलांना चुकीचें सांगून परत येणार. दगड तोच आहे, बाराशें-चौदाशें वर्षांत हललेला नाहीं. परंतु त्याविषयींचें ज्ञान हललें आहे.

कधीं कधीं दगडही हलतो! ज्या पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगीजांनीं या बेटास 'एलिफंटा' नांव दिलें, तो १८६४ सालीं विलायतेस नेण्याच्या खटपटींत फुटला. आज तो सांधलेल्या स्थितींत मुंबईच्या राणीच्या बागेंत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारीं उभा आहे. पुस्तकांत नांवाची कथा वाचून मुलें बेटभर हत्ती शोधतात, कारण तो तेथें नाहीं हें वाक्य पुष्कळ पुस्तिकांतून गळालेलें असतें. हत्तीच दाखवावयाचा असेल तर तो बेटावर जाण्यापूर्वीं किंवा परत आल्यावर भायखळ्यास दाखवावा.

जुनीं पुस्तकें धुंडाळणाऱ्यांसाठीं आणखी एक सूचना. कँपबेलच्या गॅझेटियरांत घारापुरी ठाणें जिल्ह्याच्या चौदाव्या खंडांत आहे, मालवण १८८० च्या रत्नागिरी खंडांत आहे, आणि जंजिरा कुलाबा खंडांत १८८३ सालीं आला. आज घारापुरी रायगड जिल्ह्यांत मोडते, आणि मालवण १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत. ज्याला हें ठाऊक नाहीं तो चुकीच्या खंडांत शोधून "यांत कांहींच नाहीं" म्हणून पुस्तक मिटतो. वास्तविक लांबी-रुंदी, तटाचें वळण, विहिरी, शिलालेख यांबाबत या जुन्या ग्रंथांइतकें काळजीपूर्वक लिहिलेलें नव्या रंगीत पुस्तकांत क्वचितच आढळतें.

मुरुडच्या जंजिऱ्याविषयीं एक वेगळाच अनुभव येतो. ('जंजिरा' हा अरबी 'जझीरा' म्हणजे बेट या शब्दाचा अपभ्रंश, त्यामुळें 'जंजिरा बेट' म्हणणें हें 'गंगा नदी' म्हणण्याहून थोडें अधिकच झालें.) राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडींत बसलें कीं नावेवरील वाटाड्या सांगूं लागतो: बावीस एकरांचा किल्ला, बावीस बुरूज, बावीस वर्षें बांधकाम. हा बाविसांचा पाढा ऐकावयास मोठा गोड आहे आणि मुलांच्या लक्षांतही राहतो. परंतु बुरूज किती, याचें उत्तर एका पुस्तकांत एकोणीस, दुसऱ्यांत बावीस आणि तिसऱ्यांत सव्वीस असें सांपडतें. अशा वेळीं तीन पुस्तकें एकच आंकडा देतात म्हणून तो खरा मानूं नये; एकानें दुसऱ्याचें उतरून घेतलें असण्याचाच संभव अधिक. मुलांना तटावरून फिरवावें आणि त्यांच्याकडूनच बुरूज मोजवून घ्यावे, म्हणजे आंकडा कोणताही येवो, सहल फुकट जात नाहीं. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांस अखेरपर्यंत घेतां आला नाहीं, चहूंकडे खारें पाणी असतां आंत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि 'कलाल बांगडी' तोफ जागेवर आहे, या गोष्टींत मात्र पुस्तकें व वाटाडे दोघेही खरे आहेत.

पुस्तक किती लवकर शिळें होतें याचा मासला मालवणास पाहावयास मिळतो. सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर घातला गेला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, शिवराजेश्वराचें मंदिर, चुन्यांत उमटविलेले हाताचे व पायाचे ठसे, हें सर्व ज्या पुस्तकांत असेल तें अजून पन्नास वर्षें चालेल. परंतु समोरच्या किनाऱ्यावर, राजकोट येथें, डिसेंबर १९२३ नव्हे, २०२३ मध्यें उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला आणि २०२५ सालीं तेथें नवा उभा राहिला. मधल्या काळांत छापलेल्या पुस्तकांतील चित्र आतां जुळणार नाहीं. त्याचप्रमाणें जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें बारा मराठा दुर्गांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन समुद्रांतील आहेत. त्यापूर्वींच्या कोणत्याही पुस्तकांत हें नसणार. होडीचें भाडें, लेण्यांची सुट्टी (घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात), पावसाळ्यांत होड्या केव्हां थांबतात, या बाबी तर प्रत्येक वेळीं नव्यानेंच विचाराव्या लागतात.

आतां पाण्याकडे वळूं. अलिबागच्या किनाऱ्यासमोरील कुलाबा किल्ल्यास ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें, हें वाक्य सर्व पुस्तकांत असतें, आणि तें खरेंही आहे. परंतु ओहोटी केव्हां, हें पुस्तक सांगत नाहीं. सांगूंही शकत नाहीं, कारण ती रोज पाऊण तासानें पुढें सरकते. गेल्या वर्षीं आमच्या शेजारचें एक मंडळ त्या वाक्याच्या भरंवशावर निघालें. दिवस होता अष्टमीचा. भर दुपारीं ओहोटी होती हें खरें, पण अष्टमीचें पाणी भांगाचें. तें पुरतें ओसरत नाहीं. वृद्ध मातोश्रींस गुडघाभर पाण्यांतून नेणें कोणासही प्रशस्त वाटेना, आणि तासभर वाट पाहीपर्यंत पाणी उलट फिरलें. किल्ल्यांतील आंग्र्यांच्या काळचें गणेशपंचायतन दुरूनच हात जोडून मंडळी परतली.

गंमत अशी कीं, या कुटुंबाच्या देवघरांत भिंतीवर पंचांग टांगलेलें होतें आणि हवी ती माहिती त्यांत होती. कोंकणांतील जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल त्या तासास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजतां भरती. अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमेस व अमावास्येस सुमारें बारा वाजतां. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब एकच. भरतीनंतर सहा तासांच्या कांहींसें पुढें ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक त्यांत सहज पडतो, आणि तो आपल्या या किनाऱ्यापुरताच आहे; परंतु बेत आंखण्यास पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतें, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्ही बेताची. यावरून पाहिलें तर पौर्णिमेस पाणी खूप ओसरतें खरें, पण सकाळीं सहाच्या आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास. एक वेळ मुलांच्या झोपेची, दुसरी अंधार पडण्याची. अष्टमीची ओहोटी सोयीच्या वेळीं, पण उथळ. कुटुंबासाठीं उत्तम म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी. ओहोटी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान येते, पाणीही बऱ्यापैकीं दूर जातें, आणि चतुर्थीस गणपतीचें दर्शन घडतें तें निराळें. ओहोटी पुरी होण्यापूर्वींच निघावें, आणि पाणी फिरलें असें कोळ्यानें सांगितलें कीं आंत रेंगाळूं नये. त्या ठिकाणीं घोडागाडीही मिळते. वृद्धांस तींतूनच न्यावें.

नावेविषयीं पुस्तकें जवळजवळ मुकीं आहेत. हर्णैस सुवर्णदुर्गाकडे जातांना मच्छीमारांची होडी ठरवावी लागते. तिला ठरीव वेळ नाहीं, आणि नऊवारींतल्या आजीस होडींतून उतरतांना पाणी लागेल कीं नाहीं हें आधीं विचारून घेणें इष्ट. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि दहांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. अपघात कोणाच्या हातचा नसतो हें मान्य. तथापि जीवरक्षक जाकिटें अंगावर आहेत कीं बांकाखालीं गठ्ठा बांधून ठेवलेलीं आहेत, मुलांच्या मापाचीं आहेत कीं नाहींत, माणसें मोजून घेतलीं आहेत काय, हें नाव सुटण्यापूर्वीं पाहणें आपल्याच हातचें आहे. यजमानांस संकोच वाटत असेल तर घरांतील बायकांनीं स्पष्ट विचारावें. त्या असे प्रश्न विचारूं लागल्या कीं नावाड्यास जाकिटें सांपडतात, असें मीं पाहिलें आहे.

हें सर्व समुद्राविषयीं झालें. पण आम्हां कोयनेकांठच्या लोकांना पुस्तक आणि पाणी यांचें भांडण घरबसल्या दिसतें. १८८५ च्या सातारा गॅझेटियरांत वासोट्याचें वर्णन आहे. तें लिहिणारास खोऱ्यांतून पायवाटेनें जाणें ठाऊक होतें. पुढें कोयनेवर धरण झालें, शिवसागराचें पाणी खोऱ्यांत पसरलें, गांवें उठलीं, आणि त्या वाटा पाण्याखालीं गेल्या. आतां वासोट्यास जाणारा बामणोलीहून नावेंत बसतो, वनखात्याची परवानगी काढतो, आणि पलीकडच्या कांठावर उतरून चढूं लागतो. पाऊस संपतांना पाणी जेथपर्यंत असतें, तेथून वैशाखांत तें बरेंच खालीं गेलेलें असतें. म्हणून त्याच वाटेचें कार्तिकांतलें आणि वैशाखांतलें वर्णनही एक नसतें.

माझ्याजवळ सिंधुदुर्गाचें एक जुनें पुस्तक आहे. तें आजवर आळींतील पांच-सहा घरीं फिरून आलें आहे. प्रत्येकानें समासांत पेन्सिलीनें तारीख, तिथि, होडीचें भाडें आणि "अमक्या दरवाजाशीं शेवाळ, जपून" अशा नोंदी केल्या आहेत. या नाताळांत तें पुन्हा बाहेर जाणार आहे. नेणाऱ्यांस मीं सोबत एक टोंकदार पेन्सिलही दिली आहे.