अतोलेचा पेला आणि पुढची चाळीस वर्षं

पूर्व ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ साली एक वाटप सुरू झालं. 'इन्काप' या मध्य अमेरिकेच्या पोषण संस्थेचं केंद्र गावात दिवसातून दोनदा उघडायचं. दोन गावांत मिळायचं अतोले, म्हणजे इन्कापरिना नावाचं पौष्टिक पीठ, दूध पावडर आणि साखर घातलेली गरम पेज. पेल्याला साडेअकरा ग्रॅम प्रथिनं. दुसऱ्या दोन गावांत फ्रेस्को नावाचं गार सरबत, त्यात प्रथिनं अजिबात नाहीत. औषधपाण्याची सोय चारही गावांत सारखीच. मुलानं पेल्यात किती ठेवलं तेसुद्धा मोजून वहीत टिपलं जाई. १९७७ला वाटप थांबलं.

वह्या मात्र टिकल्या. त्यांच्याच आधारे २००२ ते २००४ दरम्यान ती मुलं, आता बाप्ये-बाया झालेली, पुन्हा शोधून काढली. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधी अतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तिशी-चाळिशीत! तिसऱ्या वर्षानंतर ज्यांना ते मिळालं, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही.

बायकांचं काय? त्या शाळेत एखादी इयत्ता जास्त शिकल्या, वाचलेलं त्यांना अधिक चांगलं उमगू लागलं. मजुरी तेवढी वाढली नाही. त्यांच्या हाताला बहुतेक कमी मोबदल्याचंच काम होतं. या साऱ्या अभ्यासात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

पुढचा धडा जमैकाचा. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी उंची खुंटलेली १२९ बाळं निवडली. काहींना दर आठवड्याला किलोभर दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाई, टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी खेळ पोचला होता ती मुलं सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या भुकटीचा असा परिणाम उरला नव्हता.

आपली एकात्मिक बालविकास योजना १९७५ची, ग्वाटेमालात अतोले चालू होतं तेव्हाची. पण अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांपासून पुढे. त्याखालच्या बाळाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायचं आहाराचं पाकीट. पाकीट हवंच. पण ते देताना आईपाशी बसून खेळ दाखवणारं माणूसही हवं, आणि ते कामाने आधीच वाकलेल्या अंगणवाडी सेविकेच्या माथी न मारता वेगळं नेमावं.