कादंबरीतील किनारा आणि राष्ट्रीय उद्यानातील किनारा

कादंबरीवरून चित्रपट करताना शब्दांत उभे राहिलेले स्थळ प्रत्यक्ष भूमीवर शोधावे लागते. रूपांतराच्या अभ्यासात कथानक व पात्रे यांतील बदलांची चर्चा पुष्कळ होते. स्थळाचे काय होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते स्थळ राष्ट्रीय उद्यानात असेल, तर हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. ॲलेक्स गार्लंड यांची ‘द बीच’ (१९९६) ही इंग्रजी कादंबरी व तिच्यावरील चित्रपट हे याचे बोलके उदाहरण होय.

कादंबरीतील किनारा थायलंडच्या आखातातील एका संरक्षित बेटावर आहे. कड्यांनी वेढलेल्या जलाशयाकाठी काही परदेशी प्रवासी गुप्तपणे वस्ती करून राहतात. ही गुप्तता हाच त्या वस्तीचा प्राण. नायकाने इतरांच्या हाती दिलेला एक नकाशा तिच्या नाशाला कारण होतो. स्थळाची कीर्तीच स्थळाला मारक ठरते, हे या कादंबरीचे मुख्य सूत्र आहे.

डॅनी बॉइल यांनी १९९९ मध्ये चित्रीकरणासाठी निवडला तो अंदमान समुद्रातील फी फी ले बेटावरील ‘माया’ उपसागर. हा भाग १९८३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात मोडतो. वनखात्याने परवानगी दिली. परंतु कादंबरीतील वर्णन आणि भूमी यांचा मेळ बसेना. उपसागराचे मुख समुद्राकडे उघडे होते. ते संगणकाच्या साहाय्याने चित्रात मिटवण्यात आले. किनारा मात्र प्रत्यक्षच बदलण्यात आला. वाळूचे उंचवटे सपाट केले, स्थानिक वनस्पती काढल्या आणि नारळीची झाडे लावली. पहिला बदल पडद्यापुरता होता, दुसरा भूमीवरचा. वाळू धरून ठेवणाऱ्या वनस्पती गेल्या, की पावसाळी लाटांपुढे किनारा दुर्बळ होतो. त्याच वर्षी स्थानिक संस्थांनी न्यायालयात धाव घेतली.

दुसरी हानी २००० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सुरू झाली. तेथे दररोज हजारो पर्यटक येऊ लागले, प्रवाळांची नासधूस झाली आणि जून २०१८ मध्ये हा उपसागर बंद करावा लागला. माणसांची वर्दळ थांबल्यावर काळ्या टोकाच्या परांचे मुशी मासे उथळ पाण्यात पुन्हा दिसू लागले. जानेवारी २०२२ मध्ये तो खुला झाला तो पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालून आणि नौकांना आत येण्यास बंदी करूनच. त्याच वर्षी थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने, एक कोटी बाट देण्याची चित्रपटसंस्थेची तडजोड कायम होऊन, हा दीर्घकाळचा खटला निकाली निघाला.

भारतातही हा भेद कायद्याने मानला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २८ मध्ये छायाचित्रणासाठी परवान्याची तरतूद होती; २०२२ च्या दुरुस्तीने तीत चित्रपटनिर्मितीचाही समावेश झाला, परंतु अधिवासात कोणताही बदल न करण्याच्या व त्यास वा वन्यजीवांस बाधा न पोहोचविण्याच्या अटीवर. या अटीने नारळी लावणे थांबेल. चित्रपटाने स्थळाला मिळणारी कीर्ती मात्र कोणत्याही परवान्याच्या कक्षेत येत नाही. कादंबरीने नेमका हाच धोका सांगितला होता. म्हणून रूपांतर मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक आहे याचा विचार करताना, त्या रूपांतराने स्थळाचे काय केले, हेही पाहणे अगत्याचे ठरते.