गोंगाटाची जमाबंदी

जामखेड तालुक्यातील खर्डा म्हटले, की ११ मार्च १७९५ ची लढाई आणि तेथील किल्ल्याच्या आश्रयाला गेलेला निजाम अली एवढेच आपल्याला आठवते. परंतु चौथाईच्या थकबाकीवरून ते प्रकरण हातघाईवर येण्यापूर्वी काही वर्षे पॅरिसमध्ये लझांद्र आणि लाप्लास हे दोन गणिती, ध्रुवांपाशी चपट्या असलेल्या पृथ्वीच्या आकर्षणाचा हिशेब करता करता, अशा फलनांपाशी पोचले होते, की गोलावर पसरलेली कोणतीही राशी त्यांच्या बेरजेने मांडता यावी. यांनाच गोलीय हरात्मक फलने म्हणतात.

खर्ड्याच्या माळावरून एका वेळी अर्धाच दिसणारा आकाशगोल घ्या. शून्य क्रमांकाचे फलन एकच, सर्वत्र सारखे, म्हणजे आकाशाच्या तेजाची निव्वळ सरासरी, पहिल्या क्रमांकाची तीन, एक गोलार्ध उजळ आणि समोरचा फिका दाखवणारी, दुसऱ्याची पाच, शंभराव्याची २०१, आणि त्यांतले ठिपके जेमतेम दोन अंशांचे. कोणत्या क्रमांकाच्या खाती किती तेज जमा आहे हे लिहून काढले, की आकाशाची जमाबंदी पुरी झाली.

अडचण गोंगाटाची. कशालाही न जोडलेल्या १,००० ओहमच्या रोधकाच्या टोकांवरही, आतील इलेक्ट्रॉनांच्या उष्ण धडपडीमुळे, १ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात सुमारे ४ अब्जांश व्होल्टचा चंचल दाब असतोच. जॉन्सनने तो मोजला व नायक्विस्टने त्याची उपपत्ती दिली, दोन्ही निबंध १९२८ चे. आणि रोधक कोळशाचा की धातूचा, याची त्या सूत्रात कोणी विचारपूसही करीत नाही, तापमान, रोध आणि पट्ट्याची रुंदी एवढ्यांचाच अंमल चालतो. म्हणूनच रेडिओ-खगोलज्ञ गोंगाट केल्विनमध्ये सांगतात.

नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ज्या ३० थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आणि वारा आरपार जावा म्हणून पोलादी तारांच्या जाळीने मढवलेल्या, उभ्या आहेत, त्यांना १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशगंगेचीच खरखर शेकडो केल्विनची ऐकू येते. आद्य ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनचा जो संकेत त्यामागून वेचायचा, तो काही सहस्रांश केल्विनचा. यावरची तजवीज मला तरी फार चतुर वाटते. दोन थाळ्यांच्या ग्राहकांतील इलेक्ट्रॉन परस्परांशी सल्लामसलत करीत नाहीत, त्यामुळे दोहोंच्या संकेतांचा गुणाकार करून सरासरी घेतली की ग्राहकांचा गोंगाट ओसरत जातो आणि उभयतांनी ऐकलेले आकाश उरते. शिवाय थाळ्यांमधील अंतरच फलनाचा क्रमांक ठरवते: २ मीटर तरंगलांबीला १०० मीटर अंतरावरची जोडी साधारण तीनशेव्या क्रमांकाचा वसूल आणते. अशा जोड्या ४३५. ग्राहकांच्या गोंगाटाचा वाटा दर क्रमांकाला जवळपास सारखा पडतो, आकाशगंगेचा मात्र क्रमांक चढेल तसा घटत जातो. शिवाय कंप्रता बदलली की आकाशगंगा सावकाश बदलते, हायड्रोजन झपाट्याने, आणि सगळी भिस्त या फरकावर आहे. तरीही उरलेला गोंगाट दशांशावर आणायचा तर निरीक्षणाचा काळ शंभरपट लागतो, आणि त्यात एखाद्या मोटारीच्या ठिणगीने घातलेला व्यत्यय धरलेलाच नाही.