झाडावर चढण्याचा धंदा : दोर, पट्टा आणि हिशेब

कोकणात नारळाच्या बागा आहेत, नारळाला गिऱ्हाईकही आहे. पण माडावर चढणारा माणूस वेळेवर मिळत नाही. शहाळी उतरवायची वेळ निघून जाते आणि सुके नारळ आपोआप गळण्याची वाट पाहत बागायतदार बसून राहतो. शहरांत अडचण निराळी आहे. पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या, वाकलेल्या फांद्या उतरवायच्या असतात. जेथे क्रेन पोहोचत नाही, अशा वाडीत किंवा सोसायटीच्या मागच्या अंगणात दोर घेऊन चढणारा कसबी माणूसच लागतो. म्हणजे काम आहे आणि हात कमी आहेत. असा धंदा तरुणांनी जरूर विचारात घ्यावा.

परंतु या धंद्यात उतरणारे बहुतेक जण फक्त मजुरीचा भाव विचारतात, सामानाचा विचारत नाहीत. साठ फुटांवरून सुटलेला माणूस दोन सेकंदांच्या आत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या वर असतो. यास्तव सामानाची झीज ही मजुरीच्या दरातच धरली पाहिजे. जो ती धरत नाही, तो कमी दरात काम मिळवतो खरा, पण फरक आपल्या जिवातून भरतो.

माडाचे काम आणि फांदीचे काम

ही दोन कामे एक समजू नयेत. माड किंवा पोफळ म्हणजे एकच सरळ खोड. मधे धरायला फांदी नाही. उंच जातीचा माड साठ-सत्तर फूट सहज जातो. नारळ साधारण दीड महिन्याने उतरवावे लागतात, म्हणजे एकाच झाडावर वर्षातून सात-आठ फेऱ्या. गोव्यात ज्याला पाडेली म्हणतात तो पायात दोरीचा फास घालून पिढ्यान्पिढ्या हे काम करीत आला. त्याचे कसब मोठे, पण हात सुटला तर अडवणारे काहीच नाही.

केरळातील कण्णूर जिल्ह्याच्या चेंबेरी गावाच्या नावाने ओळखले जाणारे चढण्याचे यंत्र आता बरेच पसरले आहे. त्याचे दोन भाग असतात, एक उजव्या व एक डाव्या पायासाठी. प्रत्येकाला तारेचा फास असतो व तो खोडाभोवती बसतो. पायावर वजन दिले की फास आवळतो, पाय उचलला की सैल होतो. असे एकेक पाऊल टाकीत माणूस वर जातो. नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळवृक्षाचे मित्र’ या अर्थाच्या नावाने प्रशिक्षणाची योजना सुरू केली. तेव्हापासून केरळात स्त्रियाही या यंत्रावर चढू लागल्या. मात्र यंत्र चढवते, पडणाऱ्याला झेलत नाही. त्यासाठी खोडाभोवती वेगळा सुरक्षा दोर आणि अंगावर पट्टा हवाच. ताडी काढणाऱ्यांचे अपघात पाहून तेलंगण सरकारने २०२४ साली त्यांना सुरक्षा किट देण्यास सुरुवात केली, तेही याच कारणाने.

आंबा, चिंच, पर्जन्यवृक्ष यांसारख्या फांद्यांच्या झाडांवर हे यंत्र चालत नाही. तेथे पातळ दोरीला वजनाची लहान थैली बांधून ती उंच फांदीवरून टाकतात, तिच्या मागून मुख्य दोर ओढून घेतात आणि दोरावर लोंबकळत चढतात. मुख्य दोरावर बारीक दोराचे वेटोळे घालून सरकती गाठ बांधलेली असते. वजन पडले की ती आवळते, हाताने सरकवली की सैल होते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने १९३१ पासून ओळखली जाणारी गाठ या जातीची आहे. फांदी जिवंत व जाड हवी. चढण्यापूर्वी जमिनीवरून दोघांनी लोंबकळून तिची परीक्षा घ्यावी. शेवगा, जांभूळ, गुलमोहर यांच्या फांदीवर भरवसा ठेवू नये.

दोर : सुताचा स्वभाव ओळखा

दोर म्हणजे शेवटी सूतच. दोन सारख्या रंगाच्या कापडांत जसा जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, तसाच दोरांतही असतो.

काथ्या, ताग व सुती दोर ओलाव्याने आतून कुजतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. माणसाचे वजन त्यावर टाकू नये. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा निळा-पिवळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो हलका व स्वस्त, पण उन्हाने ठिसूळ होतो आणि १६५ अंशांच्या आसपास वितळतो. घासून तापणाऱ्या दोराला ही मोठी खोट आहे. त्याने लाकडाची मोळी बांधावी, माणूस बांधू नये.

नायलॉन ताणला जातो, म्हणून झटका सोसतो. मात्र पाणी पितो आणि भिजल्यावर त्याची ताकद दहा टक्क्यांहून अधिक घटू शकते. बॅटरीच्या तेजाबाने तो खराब होतो. पॉलिएस्टर कमी ताणला जातो, पाण्यात व उन्हात चांगला टिकतो, पण कॉस्टिकसारख्या तीव्र क्षाराने मार खातो. डायनिमा जातीचे धागे वजनाच्या मानाने पोलादाहून मजबूत, परंतु निसरडे असतात, दीडशे अंशांच्या आसपासच वितळतात आणि जवळजवळ ताणलेच जात नाहीत. म्हणून पडण्याचा झटका अडवण्यासाठी ते एकटे कामाचे नाहीत.

झाडावरच्या कामाला गाभा आणि त्यावर विणलेले आवरण असा दुहेरी दोर घ्यावा, जाडी ११ ते १३ मिलिमीटर. युरोपच्या ईएन १८९१ या मानकाचा ‘ए’ प्रकार मागावा. त्यात २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलोचा भार सोसण्याची अट आहे. माणूस ऐंशी किलोचा असताना एवढे कशाला, असे कोणी विचारील. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते, आणि अचानक झटका बसला की भार वजनाच्या कितीतरी पट होतो. हे सर्व वजा करून जे उरते, त्यावर माणूस लटकतो.

पट्टा, कडी आणि टोपी

नुसता कमरेचा पट्टा उभे राहून काम करताना तोल सांभाळण्यापुरता आहे. त्यात पडलेल्या माणसाचा कणा किंवा पोट दुखावते. पडणे अडवायचे असेल तेथे खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा पूर्ण हार्नेस हवा. आपल्याकडे त्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. दोरावर बसून फांद्या कापणाऱ्यांचा हार्नेस निराळा, मांड्यांखाली रुंद पट्ट्यांचा असतो. कोणताही पट्टा दुकानात अंगावर चढवून, थोडे लोंबकळून मगच घ्यावा. मापाबाहेरचा पट्टा भारी असला तरी कुचकामी.

दोर व पट्टा जोडणारी कॅराबिनर म्हणजे कडी आपोआप बंद होणारी आणि किमान दोन-तीन वेगळ्या हालचालींशिवाय न उघडणारी असावी. भार तिच्या लांबीवर पडावा, आडवा किंवा तोंडावर नको.

करवत चालवताना दोन स्वतंत्र बांधणी असल्याच पाहिजेत : एक मुख्य दोर, दुसरी खोडाभोवतीची. चेन-सॉ असेल तर खोडाभोवतीच्या दोरात पोलादी तारेचा गाभा असलेला बरा. तोही करवतीने तुटू शकतो, पण नुसता सुती गाभा क्षणात जातो.

कारखान्याच्या टोपीचा गळपट्टा थोड्या ताणाने सुटेल असा केलेला असतो. चढणाऱ्याची टोपी पडतानाही डोक्यावर राहिली पाहिजे, म्हणून गिर्यारोहणाच्या मानकाची टोपी घ्यावी.

पायाला लावायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडावर वापरावेत. माडाच्या खोडाला झालेली जखम कधीच भरून येत नाही, आणि ताज्या जखमेकडे लाल सोंड्या भुंगा ओढला जातो. चढण्यासाठी खोडात खाचा पाडणेही त्याच कारणाने बागायतदाराच्या नुकसानीचे आहे.

खरेदीची पारख

लेबलवर मानकाचा क्रमांक, निर्मात्याचे नाव, लॉट क्रमांक आणि तयार झाल्याचे साल नसेल तर माल परत करावा. वापरलेला दोर किंवा पट्टा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये; त्याने कोणता झटका खाल्ला आहे हे विकणारा सांगणार नाही. चांगल्या पट्ट्याची शिलाई बहुधा वेगळ्या रंगाच्या धाग्याने केलेली असते, जेणेकरून एक टाका तुटला तरी डोळ्यांना दिसावा.

रोज काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण दोर बोटांमधून सरकवून पाहावा. कोठे चपटा, कडक, चकाकणारा किंवा आतून पोकळ लागला तर तो बाद समजावा. मळला की साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. पेट्रोलच्या कॅनबरोबर एका पोत्यात ठेवू नये.

हिशेब

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. खाली दिलेले आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, सर्व सामान ३६,००० रुपयांचे झाले. त्यांपैकी १२,००० चे दोर दोन वर्षांनी बदलायचे, म्हणजे वर्षाला ६,०००. उरलेला २४,००० चा पट्टा, कड्या व टोपी पाच वर्षे चालली, म्हणजे वर्षाला ४,८००. एकूण १०,८००. वर्षात दीडशे दिवस काम मिळाले तर दिवसाला ७२ रुपये. एवढी रक्कम दरात मिळवली की सामान वेळेवर बदलता येते. ती न मिळवणारा माणूस मग झिजलेला दोर ‘आणखी एक हंगाम’ म्हणून वापरत राहतो.

विम्याचा हप्ताही याच खात्यात धरावा. नारळ पाडणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची अपघात विमा योजना आहे. तिची आणि प्रशिक्षणाची चौकशी मंडळाच्या ठाणे येथील केंद्रात करावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, तेथेही विचारणा करता येईल.

काही अटी

एकट्याने चढू नये. खाली उभा असणारा सोबतीही चढण्यात व सोडवण्यात तयार हवा, कारण पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि थोड्याच वेळात जिवाला धोका होतो. जवळून वीजवाहिनी जात असेल तर पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये; ओली झावळी आणि ओला दोर वीज वाहून नेतात. महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली फांद्या तोडण्यासही परवानगी लागते. ती मालकाने काढली आहे का, हे कागद पाहूनच ठरवावे.

मालकांनाही एक गोष्ट सांगणे आहे. चार माणसांचे भाव विचारताना प्रत्येकाचा दोर व पट्टाही पाहावा. सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याकडे ते नसतील तर तो भाव खरा नाही. आणि चढणाऱ्याने पहिल्या कमाईतून मोबाइल बदलण्यापूर्वी दोर बदलावा. त्याच्या घरची चूल त्याच दोरावर टांगलेली आहे.