शिकागोची वैद्यपरिषद आणि व्हिनेगरची बाटली

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत तद्विद्यसंभाषेचें प्रकरण आहे. वैद्यानें वैद्याशीं बोलावें, त्यानें ज्ञान वाढतें, संशय फिटतात, आणि एरव्हीं जें गुह्य म्हणून कोणी मनांत दडवून ठेवलेलें असतें तेंही वादाच्या भरांत बाहेर पडतें, असा तेथील अभिप्राय आहे. या संभाषेचे आचार्यांनीं दोन प्रकार सांगितले आहेत. एक संधाय, म्हणजे स्नेहभावानें केलेली. दुसरी विगृह्य, म्हणजे प्रतिपक्षाला जिंकण्याच्या ईर्ष्येनें केलेली. हीं दोन ल्यबन्त रूपें मुलांना फोडून सांगण्यांत माझे शाळेंतील पुष्कळ तास गेले. परंतु हे दोनही प्रकार एकाच छपराखालीं चालतात अशी एक सभा आज पृथ्वीवर दरवर्षी भरते, हें मला सेवानिवृत्तीनंतर कळलें. माझी एक पुतणी मुंबईंत वैद्यकी करते. तिनें त्या सभेचे वृत्तांत मला वाचावयास दिले, आणि मीं अडलों तेथें समजावूनही दिलें.

ही सभा म्हणजे अमेरिकेंतील कर्करोगवैद्यांच्या संस्थेची वार्षिक परिषद. संस्थेचें नांव ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’. आद्याक्षरांवरून तिला ‘ॲस्को’ म्हणतात. १९६४ सालच्या एप्रिल महिन्यांत शिकागो शहरीं एजवॉटर बीच नांवाच्या हॉटेलांत सात वैद्य दुपारच्या भोजनास जमले आणि त्या भोजनांतच संस्थेचा संकल्प झाला. कर्करोगास शस्त्र आणि किरण हे दोनच उपाय, औषधानें त्याचें काय होणार, असें मानणारे वैद्य तेव्हां पुष्कळ होते. औषधानेंही कांहीं होऊं शकेल असें म्हणणारे जे थोडे, त्यांना एकमेकांशीं बोलण्यास जागा हवी होती. त्या सातांत जेन कुक राइट ही एकच स्त्री, आणि कृष्णवर्णीयही तीच एकटी. पुढें तें हॉटेल पाडलें गेलें. संस्था मात्र एवढी वाढली कीं तिच्या परिषदेस आतां चाळीस हजारांच्या आसपास माणसें लोटतात. मिशिगन सरोवराच्या कांठीं मॅकॉर्मिक प्लेस म्हणून एक अजस्र सभागृहसंकुल आहे, तेथें मे महिन्याच्या अखेरीस पांच दिवस हा मेळा चालतो. मेळा हा शब्द मीं जाणून योजिला आहे. एकीकडे व्याख्यानें, तर दुसरीकडे औषधें करणाऱ्या कंपन्यांचीं भव्य दालनें. एखाद्या निबंधाच्या निकालावर त्या कंपन्यांच्या शेअरांचे भाव चढतात किंवा कोसळतात. पंढरीच्या वाळवंटांतही कीर्तनाशेजारीं दुकानें असतातच, तेव्हां त्याचें फारसें नवल मानूं नये.

या परिषदेंत बोलावयास कोणास उभें करावें, याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. दरवर्षी हजारों निबंधांचे सारांश येतात. त्यांपैकीं पुष्कळांना भिंतीवर कागद लावून त्याच्याजवळ उभें राहण्याचा मान मिळतो. कांहींना लहान दालनांत थोडीं मिनिटें बोलावयास मिळतात. आणि हजारोंतून निवडलेले चार किंवा पांच रविवारच्या मुख्य बैठकींत सर्वांसमोर वाचले जातात. वक्त्यानें आपले कोणत्या कंपनीशीं पैशाचे संबंध आहेत हें आरंभींच पडद्यावर दाखवावें लागतें. (आमच्याकडील व्याख्यानमालांना हा नियम लावला तर वक्ते किती उरतील, हा विचार मनांत येऊन गेला.) त्याचें बोलणें झालें कीं, त्या अभ्यासाशीं ज्याचा संबंध नाहीं असा दुसरा जाणता उठतो आणि या निष्कर्षांत जमेस काय धरावें, कोठें शंका घ्यावी, हें सभेला सांगतो. चरकाचार्य तेथें असते तर त्यांस परकें वाटलें नसतें.

आतां ज्या एका दिवसासाठीं हा लेख लिहीत आहें, तो दिवस म्हणजे २ जून १९१३ नव्हे, २०१३ (जुनीं सालें लिहिण्याची हाताला खोड!). त्या रविवारच्या मुख्य बैठकींत पांच निबंध होते, आणि त्यांतले दोन एकाच रोगाविषयीं: गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. एका निबंधाचे वक्ते कॅलिफोर्नियांतील डॉक्टर कृष्णांशु तिवारी. रोग पसरलेल्या किंवा उलटलेल्या ४५२ स्त्रियांवर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग केला होता. गांठ वाढते ती आपल्यासाठीं नव्या रक्तवाहिन्या फोडून घेते म्हणून. तें काम अडविणारें बेव्हासिझुमॅब नांवाचें औषध नेहमींच्या औषधांबरोबर दिलें, तर मध्यम आयुर्मान १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर जातें, असा त्यांचा निष्कर्ष होता. साडेतीन महिन्यांहून किंचित् अधिक. औषध अतिशय महाग. तरीही ज्या अवस्थेंत वर्षानुवर्षें कशाचाच गुण येत नव्हता, तेथें हें मिळालें म्हणून सभेनें त्याचा गौरव केला, आणि तो योग्यच होता. ज्या घरांत मुलीचें लग्न तोंडावर आलें आहे तेथें साडेतीन महिने म्हणजे काय, हें हिशेबाच्या वहींत लिहितां येत नाहीं.

दुसरे वक्ते होते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉक्टर सुरेन्द्र शास्त्री. परळ येथें १९४१ सालीं उघडलेलें हें रुग्णालय वाचकांपैकीं अनेकांनीं, दुर्दैवानें, आंतून पाहिलें असेल. डॉक्टर शास्त्री तेथील रोगप्रतिबंध विभागाचे. त्यांच्या निबंधांत औषध नव्हतें, शस्त्र नव्हतें, कोणतेंही नवें यंत्र नव्हतें. व्हिनेगर होतें, ज्याला आपण शिरका म्हणतों आणि लोणच्यांत घालतों, त्याच जातीचें. पाण्यांत शेंकडा ४ या प्रमाणांत ॲसेटिक आम्ल घेऊन कापसाच्या बोळ्यानें तें गर्भाशयाच्या मुखास लावावयाचें, एक मिनिट थांबावयाचें, आणि चांगल्या उजेडांत नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें. जेथील पेशी बिघडूं लागल्या आहेत तेथें त्या आम्लानें पांढरा डाग उमटतो. निरोगी जागा गुलाबीच राहते. प्रयोगशाळा नको, कांचेवर नमुना घेऊन तो दूर पाठविणें नको, आठवडाभर उत्तराची वाट पाहणें नको.

परीक्षा करणाऱ्या कोण? वैद्य नव्हेत, परिचारिकाही नव्हेत. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या, बोलण्याचालण्यांत चतुर अशा स्थानिक स्त्रियांना चार आठवडे शिकवून तयार केलें, आणि त्यांचें परीक्षण तज्ज्ञांच्या परीक्षणाशीं ताडून पाहिलें. तें चांगलें जुळलें. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. त्यामुळें हजारों विद्वानांच्या सभेंत दहावी शिकलेल्या बायकांच्या चार आठवड्यांच्या विद्येचा निबंध मुख्य बैठकींत वाचला गेला, हें वाचून मला जो आनंद झाला तो शुद्ध ज्ञानाचा नव्हता, हें कबूल करतों.

१९९८ सालीं आरंभिलेल्या या अभ्यासांत मुंबईंतील झोपडपट्ट्यांचे वीस विभाग घेतले होते. ३५ ते ६४ वयाच्या सुमारें दीड लाख स्त्रिया. अर्ध्या विभागांतील स्त्रियांना दर दोन वर्षांनीं, असे चार वेळां, रोगाची माहिती सांगून परीक्षा केली. उरलेल्या विभागांत माहिती एकदांच सांगितली व परीक्षा केली नाहीं. निष्कर्ष असा कीं, परीक्षा झालेल्या विभागांत या रोगानें होणारे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. हाच उपाय देशभर झाला तर भारतांत वर्षाला २२ हजार मृत्यु टळतील, असा अंदाज डॉक्टर शास्त्री यांनीं सभेपुढें मांडला.

या आंकड्यांच्या पोटांत आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच अधिक बोलकी वाटते. दोनही गटांत कर्करोग सांपडण्याचें प्रमाण जवळजवळ सारखेंच होतें. भेद पडला तो रोग लवकर सांपडण्यांत, आणि सांपडल्यावर उपचार पुरे करण्यांत. परीक्षा झालेल्या गटांत रोग ठरलेल्या शंभर स्त्रियांपैकीं ८६ जणींनीं उपचार घेतले. दुसऱ्या गटांत ७२ जणींनीं. म्हणजे बाटलींतल्या शिरक्याइतकाच गुण दारीं येऊन, शेजारीं बसून, लाज न धरतां बोलणाऱ्या त्या बाईचाही होता. परीक्षेसाठीं बोलाविलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ८९ आल्या. ज्या वस्तींत पाणी भरण्यासाठीं रांग, खोलींत आडोसा नाहीं, कामावर खाडा पडला तर पैसे कापले जातात, तेथील बायका शंभरांत ८९ आल्या!

दोष सांगितला नाहीं तर संभाषा अपुरी राहील. ज्या शहाहत्तर हजार स्त्रियांची परीक्षा केली नाहीं, त्यांच्यांतल्या कांहींचे मृत्यु टळले असते, मग त्यांना नुसतें तुलनेसाठीं ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप अमेरिकेंतूनच घेतला गेला. एरव्हीं आमच्या देशांत अशी परीक्षा कोणालाच मिळत नाहीं, आम्हीं कोणाचें कांहीं काढून घेतलें नाहीं, असें उत्तर देण्यांत आलें. आणि निकाल लागल्यावर त्या स्त्रियांनाही परीक्षा देण्याचें ठरलें. उत्तर तर्काला धरून आहे. माझें मन मात्र त्यानें पुरतें निवत नाहीं. दुसरा मुद्दा शास्त्रीय आहे. तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्यानें असाच एक मोठा अभ्यास झाला व तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत व्हिनेगरची परीक्षा एकदांच केली, तेव्हां मृत्यूंत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाहीं. ज्या विषाणूमुळें हा रोग होतो त्या विषाणूची परीक्षा एकदां केली, तर मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. हा विषाणु दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याची लस २००६ पासून उपलब्ध आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून विषाणूच्याच परीक्षेला अग्रमान देते. म्हणजे व्हिनेगर हा शेवटचा शब्द नव्हे. जेथें दुसरें कांहीं पोंचत नाहीं तेथें तें पोंचतें, एवढाच त्याचा दावा.

एक गंमत सांगावयाची राहिली. महाग औषधाचा अभ्यास आणि शिरक्याचा अभ्यास, या दोहोंनाही पैसा अमेरिकन सरकारच्या एकाच कर्करोगसंस्थेच्या थैलींतून आला होता. एका व्यासपीठावर, एकाच दुपारीं, दोन वक्ते. पहिल्याचें औषध पुढच्याच वर्षी अमेरिकेंत या रोगासाठीं मंजूर झालें. दुसऱ्याची बाटली आमच्याच देशांत कोठवर पोंचली? २०१६ सालीं केंद्र सरकारनें ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पांच वर्षांनीं एकदां अशी परीक्षा करावी, असें ठरविलें. २०१९ ते २१ या काळांत देशभर कुटुंबांची जी पाहणी झाली तींत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलें गेलें; ही परीक्षा आयुष्यांत एकदां तरी झालेल्या शंभरांत दोनही निघाल्या नाहींत. १.९! आणि हा देश या रोगानें वर्षाला सुमारें ऐंशी हजार स्त्रिया गमावतो, असा २०२२ सालचा अंदाज आहे.

यांत आपलीं पांढरपेशीं, शिकलेलीं घरें वेगळीं आहेत, असें मानण्याचें धाडस मी करणार नाहीं. माझी आई मी सात वर्षांचा असतांना गेली. मला वाढविलें तें थोरल्या वहिनींनीं. त्या व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या, पोथी अर्थासह वाचणाऱ्या, आणि घरांत बारा माणसांचें करणाऱ्या. विटाळ बंद होऊन सहा वर्षें झाल्यावर त्यांना पुन्हां रक्त जाऊं लागलें. आठ महिने त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. अखेर तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे नेलें, त्यांनीं न तपासतांच अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि त्यांत आणखी चार महिने गेले. मुंबईस नेईपर्यंत काम हाताबाहेर गेलें होतें. शेवटच्या दिवसांत मीं विचारलें, “वहिनी, आधीं कां नाहीं सांगितलेंत?” तर म्हणाल्या, “भाऊजी, कोणाला सांगूं? घरांत सगळे पुरुष, आणि सुना लहान. या वयांत असलें काय सांगायचें!” बारा माणसांच्या घरांत त्यांना बोलावयास एक माणूस मिळालें नाहीं, आणि त्या बारांत एक मी होतों.

गेल्या महिन्यांत पुतणीनें आणलेले कागद वाचून झाल्यावर मीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर हें सारें घरांत मोठ्यानें सांगितलें. मुलगे उठून ओसरीवर गेले. मीं त्यांस परत बोलावून बसविलें. थोरल्या सूनबाईंनीं दुसऱ्या दिवशीं पुतणीस विचारून वेळ ठरविली, आणि धाकटीही “मी येतें बरोबर” म्हणाली. दोघींची परीक्षा झाली, दोघींचें ठीक आहे. आमच्या सौभाग्यवती मात्र साठीला टेकल्या असून, “मला काय धाड भरली आहे!” एवढेंच म्हणून पोथी उघडून बसल्या. त्यांच्याशीं संभाषा अजून चालू आहे. संधाय कीं विगृह्य, तें येथें लिहीत नाहीं.