आगपेटीपासून आभासी प्रयोगशाळेपर्यंत

आगकाडीचं गूल खरडून टाकायचं. सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी घेऊन तिचे छोटे तुकडे कापायचे आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचायची. तीन काड्या आणि तीन तुकडे जोडले की त्रिकोण, चार-चार जोडले की चौकोन. चौकोनाला बोटाने ढकललं तर तो लगेच कलतो. त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आणखी एक काडी तिरकी बसवली, की तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलात आणि विजेच्या मनोऱ्यात इतके त्रिकोण का असतात, हे पाचवीतल्या मुलाच्या एव्हाना लक्षात आलेलं असतं.

ही करामत अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. महागड्या उपकरणांवाचून खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवता येतं, हे तिथे त्यांनी पाहिलं आणि पुढे तेच काम धरलं. २००३ ते २०१४ या काळात ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून बनणारी शेकडो खेळणी आहेत. काय आणायचं, कुठे कापायचं, कसं जोडायचं हे छायाचित्रांतून आणि छोट्या व्हिडिओंतून दाखवलेलं आहे. जोडीला हजारो पुस्तकं आहेत, त्यांत मराठी पुस्तकंही भरपूर. ती उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत.

काही गोष्टी मात्र आगकाड्यांनी दाखवता येत नाहीत. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसायचे कसे? त्यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. पडद्यावर बॅटरी, तारा आणि दिवा ओढून आणायचे, मंडल पूर्ण केलं की दिवा लागतो आणि तारेतले कण सरकू लागतात. व्होल्टेज वाढवलं की कणांचा वेग वाढतो, दिवा अधिक प्रखर होतो. इथे फ्यूज उडायची किंवा बल्ब फुटायची धास्ती नसल्यामुळे मूल हवं तितकं चुकू शकतं. यातले कित्येक प्रयोग मराठीत आहेत, कारण स्वयंसेवकांनी ते हौसेने भाषांतरित केले आहेत. एकदा उतरवून घेतले की पुष्कळसे प्रयोग इंटरनेटशिवाय चालतात. रेंज येते-जाते अशा गावातल्या शाळेला ही सोय फार मोलाची.

लहान वर्गांसाठी ‘स्टोरीवीव्हर’ हा इंटरनेटवरचा गोष्टींचा मंच आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली तो सुरू केला. वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या चित्रकथा इथे मराठीसह अनेक भाषांत आहेत. त्यांच्या खुल्या परवान्यामुळे कथा छापता येते, दुसऱ्या भाषेत नेता येते, थोडी बदलताही येते; मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख तेवढा करावा लागतो. पालघर किंवा नंदुरबारमधल्या शिक्षकाने एखादी गोष्ट मुलांच्या घरच्या बोलीत उतरवून वर्गात वाचून दाखवायची ठरवली, तर त्याला कुणाला परवानगीचं पत्र लिहावं लागत नाही. फुकट मिळणाऱ्या साहित्याची खरी किंमत या मोकळिकीत आहे. नुसतं पाहण्यापुरतं मिळालेलं साहित्य शिक्षकाच्या हातात येत नाही. आपल्या वर्गाच्या मापाने ते बेतता आलं, तरच ते त्याचं होतं.

मोठ्यांच्या कुतूहलासाठी मराठीने स्वतःचं दालन केव्हाच उभं केलं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. ‘भूकंप’ किंवा ‘भरती-ओहोटी’ शिकवण्याआधी त्यातली नोंद वाचली, तर विषयाची खोली कळते आणि नेमके मराठी शब्दही हाती लागतात. जुन्या नोंदींतली आकडेवारी तेवढी ताज्या स्रोताशी ताडून घ्यावी. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरचं पूरक साहित्य उघडतं. अशा कोडचा वर्गातला वापर लोकांपुढे आणणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले होते. त्यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं.

इतकं सगळं एकदम समोर आलं की कुठून सुरुवात करावी, हेच सुचत नाही. त्यापेक्षा पुढच्या आठवड्याचा एकच धडा निवडावा. त्याला लागणारा एक प्रयोग किंवा एक गोष्ट शोधावी, आधी स्वतः करून पाहावी आणि मगच वर्गात न्यावी. इंग्रजी चांगलं असलेल्या शिक्षकांना आणखी एक काम करता येईल: ‘फेट’वर मराठीत न आलेला एखादा प्रयोग भाषांतरासाठी घ्यायचा. त्यात बहुधा बटणांवरच्या आणि चित्रांखालच्या थोड्याच ओळी असतात. एकाने ते काम पुरं केलं, की तो प्रयोग मराठी माध्यमाच्या कुठल्याही वर्गात उघडता येतो.