‘ॲमॅटिक’ : अरुंद शीर्षटंकातील हाताचे वळण आणि देवनागरी

मुद्राक्षरांचे पाठ्यटंक आणि शीर्षटंक असे स्थूलमानाने दोन वर्ग केले जातात. पाठ्यटंकाने वाचकाच्या नजरेत न भरणे हा त्याचा गुण, तर नजर खेचून घेणे हे शीर्षटंकाचे प्रयोजन. यांपैकी दुसऱ्या वर्गातील ‘ॲमॅटिक’ या रोमन टंकाच्या आधारे एका प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे : हाताने काढल्यासारखे अरुंद वळण देवनागरीत आणणे कठीण का ठरते?

ब्रिटिश टंकरचनाकार व्हर्नन ॲडम्स (निधन २०१६) यांचा हा टंक २०११ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. उंच, सडपातळ आणि किंचित थरथरत्या रेषेची ही अक्षरे आहेत. लहान लिपीच्या जागीही मोठ्या लिपीचीच छोटी रूपे योजलेली आहेत. ही योजना केवळ हौसेची नव्हे. मोठ्या लिपीतील अक्षरे बहुधा ओळीच्या खाली उतरत नाहीत. त्यामुळे मिळालेली उंची जवळजवळ पूर्णपणे वापरता येते.

देवनागरीला ही सवलत नाही. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांना जागा दिल्यावरच मूळ अक्षराची उंची ठरते. शिवाय सर्व अक्षरे सारखी आकसत नाहीत. ‘राजाराम’ सहज अरुंद होतो. ‘कृष्ण’ किंवा ‘झुंज’ यांतील पोकळ्या मात्र बुजतात. महाविद्यालयीन फलकांवर यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे संगणकावर अक्षरे आडवी दाबणे. रुंदी साठ टक्के केली की उभ्या रेषांची जाडीही तेवढीच उरते, पण शिरोरेषेची जाडी तशीच राहते. परिणामी काना काडीसारखा आणि शिरोरेषा तुळईसारखी दिसू लागते. असे अक्षर अरुंद नव्हे, चेपलेले असते.

‘टेको’ आणि ‘खंड’ हे २०१४ मध्ये आलेले देवनागरी टंक मुळातच अरुंद रेखाटलेले असल्याने हा दोष टाळतात. तथापि त्यांची रेषा यंत्राची आहे. हाताचा भास हवा असल्यास अडचण वेगळीच आहे. कमल शेडगे (निधन २०२०) यांच्यासारखा अक्षरकार नाटकाचे शीर्षक त्या शब्दापुरते रेखाटत असे. टंकात मात्र एकदा काढलेले रूपच पुनःपुन्हा येते. एका शब्दातील तीन काने तंतोतंत एकाच जागी थरथरले की हाताचा भास संपतो. ओपनटाइप तंत्रात संदर्भानुसार पर्यायी रूपे योजता येतात. देवनागरीत त्यांची पहिली गरज कान्याला आहे. शिरोरेषेचे बंधन याहून अधिक जाचक आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेला जुळायची, तर तिची दोन्ही टोके ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या जाडीचीच ठेवावी लागतात. तिचा डळमळीतपणा या दोन टोकांच्या दरम्यानच दाखवावा लागतो. आणि अक्षर अरुंद असल्याने ते अंतरही फारच थोडे उरते.